जिनातला कंदील: कारंज्याच्या कापसाची रात्रपाळी

समोर टेबलावर तीन दिवे ठेवले आहेत, मागच्या रांगेला दिसत असावेत. डावीकडचा कंदील, मधला रेल्वेचा हातदिवा आणि उजवीकडे ती मोठी, वर टोपी असलेली गॅसबत्ती. तिन्ही आपल्या वाशिम जिल्ह्यातूनच आम्ही गोळा केले, आणि तिन्ही भंगाराच्या भावानं, म्हणजे किलोवर घेतले. आज बोलायचं आहे ते या दिव्यांविषयी, आणि त्यांच्या उजेडात ज्यांनी काम केलं त्यांच्याविषयी.

सुरुवात आमच्या चुकीपासून करतो. पहिला कंदील हाती आला तेव्हा आम्हाला वाटलं, जुनी वस्तू मिळाली तर ती लख्ख करायची. तारेचा ब्रश घेतला, ॲसिड लावलं, दोन दिवस घासलं. कंदील चकचकीत झाला. नंतर ज्यांच्याकडून तो आणला होता ते आजोबा बघायला आले आणि म्हणाले, "अबे, याच्या टाकीवर रंगानं नंबर होता ना? कुठं गेला?" टाकीवर पांढऱ्या रंगानं आकडा काढलेला होता. जिनात कोणता कंदील कुठल्या खांबाला टांगायचा, कोणाच्या ताब्यात द्यायचा, याचा तो नंबर. आम्ही तो गंजाबरोबर घासून टाकला होता. तो कंदील आजही आमच्याकडे आहे, छान दिसतो, पण तो कुठल्याही बाजारातला कंदील झाला, कारंज्याचा राहिला नाही. आज तो मुद्दाम आणलेला नाही.

आता दिव्यांचा संग्रह म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? समई, लामणदिवा, निरांजन. पुण्यात दिनकर केळकरांनी, म्हणजे कवी अज्ञातवासींनी, आयुष्यभर हिंडून जे जमवलं त्यात दिव्यांना फार मोठं स्थान होतं. भारतातल्या दिव्यांवर त्यांचं इंग्रजी पुस्तकही आहे. 1962 मध्ये त्यांनी आपला संग्रह शासनाला दिला. तो पाहिला नसेल तर जरूर पाहा. पण देवापुढचा दिवा जपला जातो, कारण तो पितळेचा असतो, सुबक असतो, आणि घरात त्याला मान असतो. कामावरचा दिवा पत्र्याचा. तो गळायला लागला की डाक द्यायचा, काच फुटली की नवी घालायची, आणि वीज आली की माळ्यावर टाकायचा. माळ्यावरून तो थेट भंगारात. त्यामुळे ज्या दिव्याखाली हजारो माणसांनी मजुरी केली तो आज सापडायला कठीण, आणि ज्याच्याखाली पूजा झाली तो सहज मिळतो, अशी उलटी परिस्थिती आहे.

वाशिम जिल्हा तसा नवा, 1 जुलै 1998 ला अकोल्यातून वेगळा झाला. पण कारंजा, आपलं कारंजा लाड, व्यापाराचं फार जुनं गाव. आपल्या गोष्टीत ते येतं कापसामुळं. 1853 मध्ये निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिलं. 1861 ते 1865 अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, तिथला कापूस थांबला, आणि मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर आपल्या काळ्या मातीवर आली. 1867 पर्यंत जीआयपी रेल्वे नागपूरला पोचली. हा मार्ग अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा असा गेला. मग 1886 मध्ये हैदराबाद रेसिडेन्सीच्या आदेशानं कारंज्याला नियंत्रित कापूस बाजार सुरू झाला, आणि तो देशातला पहिला. आज आपण ज्याला बाजार समिती म्हणतो तिचं मूळ इथं आहे. 1897 ला वऱ्हाडापुरता बाजाराचा स्वतंत्र कायदा आला, आणि 1928 मध्ये शेतीविषयक रॉयल कमिशननं इतर प्रांतांनाही नियंत्रित बाजाराची हीच वाट सुचवली. स्पर्धा परीक्षेची पोरं 1886 आणि कारंजा एवढं पाठ करतात. पण तिथं संध्याकाळनंतर काय चालायचं हे कुठल्या गाइडात येत नाही.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मूर्तिजापूर ते यवतमाळ ही अडीच फुटी नॅरोगेज रेल्वे आली. तीच आपली शकुंतला. एकशे तेरा किलोमीटरचा हा मार्ग कारंज्यावरून जातो. दुसरी शाखा मूर्तिजापूरहून अचलपूरला, शहात्तर किलोमीटर. किलिक निक्सन या कंपनीनं ती उभारली, ती कापसासाठीच. म्हणजे शेतातून बंडी, बंडीतून बाजार, बाजारातून जीन, जिनातून प्रेस, प्रेसमधून गाठी रेल्वेत, आणि तिथून मुंबई. ही सगळी साखळी दिवाळी ते होळी, चार-पाच महिन्यांत उरकायची. कापूस भिजला की भाव पडतो, साचला की आगीची भीती, आणि व्यापाऱ्याला तर मालाची घाई असतेच. मग दिवस पुरेना. दिवस पुरेना म्हणून रात्र वापरायची, आणि रात्र वापरायची तर उजेड हवा.

जिनात काय होतं ते थोडं सांगतो, कारण नव्या पोरांनी जुनं जीन पाहिलेलं नाही. शेतातून येतो तो कापूस, त्यात सरकी असते. सरकी काढली की उरते ती रुई. हे काम करणारं यंत्र म्हणजे रेचा. 1840 मध्ये अमेरिकेत मॅकार्थी नावाच्या माणसानं चामड्याच्या रुळाचं यंत्र काढलं, रूळ रुई ओढून घेतो आणि पात्याशी सरकी अडकून खाली पडते. पुढं इंग्लंडात ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्ससारख्या कारखान्यांनी अशी यंत्रं बनवली आणि ती जगभर गेली. जिनात अशा रेच्यांची ओळ असायची, एका शाफ्टवर पट्ट्यांनी फिरणारी, आणि प्रत्येक रेच्यासमोर कापूस घालायला एक मजूर, बहुतेक बाई. घरात बाळ ठेवून आलेली, किंवा बाळ शेजारी निजवलेली. हवेत रुईचा भुरका. तो नाकात जातो, केसांत बसतो, आणि बत्तीच्या काचेवरही बसतो.

तासांचं काय होतं? 1885 च्या मुंबई कारखाना आयोगासमोर खानदेशातल्या जिनांविषयी साक्ष झाली. खानदेश म्हणजे आपला शेजारचाच कापसाचा मुलूख. पहाटे चारपासून रात्री दहापर्यंत, म्हणजे अठरा तास काम, आणि मजुरी तीन-चार आणे. घाईच्या दिवसांत त्याच बायका-पुरुषांना सलग आठ-आठ दिवस रात्रंदिवस जुंपलं गेल्याचंही त्या साक्षीत आलं. जे घरी जायचे ते दार उघडायच्या आधी पोचावं म्हणून पहाटे तीनलाच परत येत.

तुम्ही म्हणाल, कायदा नव्हता का? होता. 1881 चा कारखाना कायदा होता. पण तो लागू व्हायला कारखान्यात शंभर माणसं हवीत आणि वर्षातून चार महिन्यांहून जास्त काम हवं, अशी मोजपट्टी होती. हंगामी जीन कितीदा त्यातून सुटायचं, हे सांगायला नको. हंगामी कारखाने खऱ्या अर्थानं कायद्याखाली आले ते 1911 च्या कायद्यानं. तीस वर्षं. या तीस वर्षांत जिनाला वेळेची मर्यादा एकच होती, ती म्हणजे दिव्यात तेल आहे की नाही.

हे नीट लक्षात घ्या, नाहीतर कंदील ही नुसती जुनी गोड वस्तू वाटते. आपण कंदिलाबद्दल बोलताना अभ्यास करणारा मुलगा, आजी, अंगण असं बोलतो. तेही खरं आहे. पण ज्या बाईचा दिवस सूर्य मावळल्यावर संपायचा तो कंदिलामुळं रात्री दहापर्यंत लांबला, हेही तितकंच खरं.

शिवाय आग. कोरडी रुई आणि ज्योत यांचं वैर सांगायला नको. ठिणगी पडली तर भुरक्यावरून ती पळते, विझवायला पाणी आणेपर्यंत ढीग पेटतो. पट्टा घासला तरी आग, सरकीबरोबर खडा आला आणि पात्यावर आपटला तरी ठिणगी. अशा जागी उघडी चिमणी चालणार नाही. पूर्वी घासलेट चार गॅलनच्या पत्र्याच्या डब्यातून यायचं, तोच डबा कापून आपल्याकडचे कारागीर चिमण्या बनवत. घरात, गोठ्यात ती चालायची. जिनात मात्र काचेतला, वाऱ्यानं न फडफडणारा दिवा हवा.

म्हणून आता हा डावीकडचा कंदील. त्याच्या दोन बाजूंच्या नळ्या पाहा. पुष्कळांना वाटतं, ही नुसती धरायची चौकट आहे. नाही. नळीवाटे ज्योतीला हवा पुरवायची, हीच तर या कंदिलाची करामत. अमेरिकेत जॉन अर्विन यानं 1860 नंतरच्या काळात ही युक्ती काढली. पहिल्या प्रकारात वर चढलेली गरम हवाच थोडी नळ्यांतून खाली परत यायची, त्यानं ज्योत टिकायची पण पिवळी असायची. पुढच्या प्रकारात वरून ताजी थंड हवा नळ्यांत घेतली आणि धूर मधल्या टोपीतून बाहेर सोडला. ज्योत उजळली. न्यूयॉर्कच्या डिएट्झ कंपनीनं हे कंदील जगभर विकले, जर्मनीतूनही भरपूर आले. उजेड किती? आठ-दहा मेणबत्त्यांएवढा. आता विचार करा, एवढ्या उजेडात फिरत्या पात्याजवळ हात घालायचा.

पुढं हा कंदील आपल्याकडेच बनू लागला, आणि त्यात महाराष्ट्राचं नाव मोठं आहे. स्वदेशीच्या चळवळीत अंताजी दामोदर काळे यांनी पैसा फंड उभा केला. दर माणशी एक पैसा. त्या फंडातून तळेगाव दाभाड्याला 1908 मध्ये काच कारखाना निघाला, तिथं काचकाम शिकवलं गेलं. नंतर 1916 मध्ये कराडजवळ ओगले बंधूंनी काच कारखाना काढला. ती जागा ओगलेवाडी, औंध संस्थानाच्या आश्रयानं वसलेली. त्यांच्या प्रभाकर कंदिलानं महाराष्ट्रातली घरं उजळली. तुमच्यापैकी कितीतरी जणांच्या घरी तो असेल. कंदिलाची काच बनवणं सोपं नाही हो. आतून तापते, बाहेरून गार वारा लागतो, पाण्याचा थेंब उडाला की तडकते. तिची जाडी सगळीकडे सारखी हवी आणि भट्टीतून निघाल्यावर ती हळूहळू निववावी लागते. बाकी पत्रा कोणीही ठोकेल, कंदिलाचा जीव त्या काचेत असतो.

आता दुरुस्ती. या विषयावर लोक सगळ्यात जास्त विचारतात, म्हणून थोडं सविस्तर.

कंदील हाती आला की पहिले दोन-तीन दिवस काही करायचं नाही. फक्त बघायचं आणि लिहून ठेवायचं. फोटो काढा, सगळ्या बाजूंनी, तळाचासुद्धा. हा आमचा कंदील बघा. टाकीच्या तळाला डाक दिलेला आहे, एकदा नाही, तीनदा. पहिला डाक स्वच्छ आहे, गावातल्या चांगल्या कारागिराचा. दुसरा जाड, घाईतला. तिसऱ्या वेळी तर डाक न देता नुसतं पत्र्याचं ठिगळ चिकटवलंय. यावरून काय कळतं? हा कंदील नेहमी एकाच जागी, ओल्या जमिनीवर ठेवला जायचा, तळ तिथंच गंजला. आणि मालकानं नवा घेतला नाही, तीनदा भागवला. डावी नळी आतल्या बाजूनं दबली आहे, म्हणजे तो खिळ्याला अडकवताना नेहमी डावीकडं आपटायचा. हे सगळं गंज आणि काजळीबरोबरच वाचता येतं. चकचकीत केलं की संपलं.

मग साफसफाई. कोरड्या मऊ ब्रशनं धूळ, मग कोमट पाणी आणि साबण. तारेचा ब्रश नाही. जुन्या कंदिलाचा पत्रा कथिलाचा मुलामा दिलेला असतो, तो मुलामा गेला की खालचं लोखंड पंधरा दिवसांत गंजतं. जिथं रंग आहे तिथं जास्तच जपून, कारण जुन्या रंगात शिसं असू शकतं. घासून त्याची धूळ उडवू नये, आणि लहान मुलांना तर जवळ बसवूच नये. पितळी भाग असेल तर चिंच आणि रांगोळी, आपल्या आयांची पद्धत. पण तीही फक्त टोपणापुरती, जिथं अक्षरं आहेत तिथं नको. उठावातली अक्षरं घासून घासून पुसट होतात आणि मग कारखाना कोणता हे कळतच नाही.

टाकी गळते का हे पाण्यानं तपासायचं. घासलेट घालून नाही. आणि डाक द्यायचा असेल तर एक गोष्ट कान देऊन ऐका: टाकी रिकामी वाटली तरी तिच्यात घासलेटाची वाफ राहते. तशीच तापवली तर ती फुटते. साबणाच्या पाण्यानं दोन-तीनदा धुवायची आणि डाक देताना होईल तेवढी पाण्यानं भरून ठेवायची, फक्त डाकाची जागा कोरडी. नवसागर लावून कथील वितळवणारे जुने कल्हईवाले आता फार थोडे राहिले आहेत. सापडले तर त्यांच्याकडूनच करून घ्या, आणि काम चालू असताना शेजारी बसा. त्यांचं बोलणंसुद्धा लिहून ठेवण्यासारखं असतं.

वात नवी घातली तर चालते. काच नवी घातली तरी चालते, जिनातही वर्षातून चारदा बदलायची. पण टाकी आणि चौकट बदलली तर तो दुसरा कंदील.

मधला हातदिवा पटकन पाहू. रेल्वेचा, तीन रंगांचा. आत काचेचा फिरता पिंजरा आहे, मूठ फिरवली की लाल, हिरवा, पांढरा. नॅरोगेजवर गार्डच्या हातात असाच दिवा असायचा. शकुंतलेवर वाफेचं इंजिन 1994 पर्यंत चाललं, 1921 मध्ये मँचेस्टरला बनलेलं. त्यामुळं दिवेही इतर ठिकाणांपेक्षा उशिरापर्यंत वापरात राहिले आणि आपल्या नशिबानं काही वाचले. या दिव्यांत फसवणूक फार. दुकानात पितळी, झळझळीत, जहाजाचं किंवा रेल्वेचं नाव असलेले दिवे मिळतात. त्यातले बहुतेक सजावटीसाठी अलीकडं बनवलेले. खरा कामाचा हातदिवा बहुधा काळ्या रंगाचा, पत्र्याचा, हँडलजवळ हात लागून लागून झिजलेला. झीज कुठं आहे ते बघा. हात जिथं लागत नाही तिथंच झीज असेल तर समजा, कोणीतरी मुद्दाम केलीय. नॅरोगेजच्या वस्तू नीट जपलेल्या बघायच्या असतील तर नागपूरला मोतीबागचं संग्रहालय आहे.

उजवीकडची गॅसबत्ती. पेट्रोमॅक्स हे खरं तर बर्लिनच्या एका कंपनीचं नाव, आपल्याकडं सगळ्याच बत्त्यांना ते चिकटलं, जसं डालडा. टाकीत हवा भरायची, दाबानं घासलेट वर चढतं, तापून त्याची वाफ होते आणि ती मेंटलमध्ये जळते. मेंटल म्हणजे ती रेशमासारखी पिशवी. ऑस्ट्रियाच्या आउअर फॉन वेल्सबाख यानं 1885 मध्ये ती कल्पना काढली, पुढं थोरियममध्ये अगदी शंभरात एक भाग सेरियम मिसळल्यावर पांढराशुभ्र उजेड मिळाला. गंमत अशी, की 1909 मध्ये आपल्या दक्षिणेत, त्रावणकोरच्या किनाऱ्यावरच्या वाळूत, थोरियमचा मोठा साठा आढळला आणि मेंटलवाल्यांची धाव तिकडं वळली. म्हणजे वऱ्हाडातल्या लग्नाच्या वरातीत जी बत्ती डोक्यावर नाचायची तिच्यात त्रावणकोरची वाळू असण्याची शक्यता. मात्र थोरियम किरणोत्सारी आहे, थोडाच, पण आहे. जुन्या मेंटलची राख हातानं चुरगाळू नका, फुंकर मारू नका. ओल्या कापडानं टिपा.

या बत्तीत बहुधा बिघडतं ते पंपाचं चामडी वॉशर. वाळून कडक होतं. काढून एरंडेल तेलात रात्रभर बुडवा, मऊ होतं. पण बत्ती पेटवायचा मोह झाला तर आधी टाकीला तडे, जुने डाक नीट तपासून घ्या, कारण दाबाखालचं घासलेट उडालं तर गंमत राहत नाही. आम्ही ती पेटवत नाही. कंदील पेटवतो.

आमच्याकडं आता असे अठ्ठावीस दिवे आहेत. त्यातल्या फक्त अकरांची गोष्ट आम्हाला माहीत आहे, म्हणजे कुठल्या जिनातला, कुठल्या स्टेशनावरचा, कोणाच्या घरून आला. बाकी सतरा भंगारवाल्याच्या ढिगातून आले, आणि भंगारवाल्यानं ते कुठून घेतले हे तो सांगत नाही किंवा त्यालाही आठवत नाही. जिनातल्या बायकांची नावं तर त्या अकरांपैकी एकाबरोबरही आलेली नाहीत. मुकादमाचं नाव येतं, शेठचं येतं, गार्डचं येतं. म्हणून आम्ही आता दिवा आणायला जातो तेव्हा आधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईशी बोलतो. मागच्या हंगामात मंगरूळपीरकडच्या एका गावात एका आजींनी सांगितलं, त्यांची सासू जिनात जायची, आणि परतताना कंदील मालकाचा म्हणून तिथंच ठेवावा लागायचा. घरापर्यंत अंधारात यायचं. दोन मैल.

तो कंदील आम्हाला मिळाला नाही. सांगणं मात्र मिळालं, ते वहीत तारखेसकट लिहून ठेवलंय.

तुमच्यापैकी कोणाच्या घरी माळ्यावर असं काही असेल तर द्यायलाच हवं असं नाही. फक्त विकण्याआधी एक फोटो काढा आणि तळाची अक्षरं, टाकीवरचा नंबर, आणि घरच्यांना आठवत असेल ते लिहून घ्या. कारंजा, मानोरा, मंगरूळपीर या पट्ट्यातलं असेल तर आम्हाला कळवा, आम्ही बघायला येऊ. आता डावीकडचा कंदील पेटवतो, खिडकीजवळच्यांनी जरा पडदे ओढून घ्या. एका कंदिलाच्या उजेडात हाताची बोटं किती स्पष्ट दिसतात ते प्रत्येकानं आपल्या जागेवरून बघा, मग प्रश्न घेऊ.